पट्टी वाकवून बघतात

गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर एक बायोडाटा आला. वर गणपती, खाली रास, नाडी, गण, वर्ण 'निमगोरा', आणि फोटोत ब्लेझर घातलेला एक देखणा पोरगा. ओळखायला जरा वेळ लागला, कारण याला मी ब्लेझरमध्ये कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर होता तो चामडी ॲप्रनमधला, घामाने निथळणारा, शर्टाच्या वरच्या उघड्या बटणाएवढा गळा भाजून काळा झालेला. नोकरीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'टेक्निकल एक्झिक्युटिव्ह, नामांकित कंपनी'. शिक्षणात मुक्त विद्यापीठाची बी. ए. आयटीआयचा पत्ता नाही, आणि वेल्डर हा शब्द तर औषधालाही नाही. पाठवणारा त्याचा मामा. खाली ओळ होती, 'सर, तुमच्या पाहण्यात एखादं चांगलं स्थळ असेल तर सुचवा.' मी 'बघतो' म्हणून कळवलं आणि फोन उपडा ठेवला. पण दोन घास खाल्ले की परत तेच डोक्यात. राग आला होता असं नाही. त्याच्या जागी मी असतो तरी बहुधा तेच लिहिलं असतं. तरी काहीतरी टोचत राहिलं, आणि ते नेमकं काय हे शोधायला म्हणून हे लिहायला बसलोय.

मी तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. आता निवृत्त आहे. निदेशक हा शब्द फक्त सरकारी कागदावर, पोरांसाठी आम्ही 'सर', आणि शेजारच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी 'ते आयटीआयवाले'. आमच्याकडे प्रवेश कसे होतात ते ज्यांच्या घरात एखादं पोरगं त्या वयाचं आहे त्यांना ठाऊक असेल. आधी इलेक्ट्रिशियन भरतो, मग फिटर, मग मोटार मेकॅनिक. गुणवत्ता यादीच्या फेऱ्या सरत जातात आणि शेवटी जे उरतात, ज्यांच्या दहावीच्या निकालावर घरात चार दिवस चूल नीट पेटलेली नसते, ते आमच्या दारात येतात. वेल्डरला दहावी नापासही चालतो. त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात वीसेक पोरं खाली माना घालून बसलेली असतात. बाहेर ऑगस्टचा पाऊस, आत शेडच्या पत्र्यावर त्याचा धिंगाणा, आणि समोर एकही पोरगं असं नाही की ज्याला 'तुला कुठला ट्रेड हवा होता?' या प्रश्नाचं उत्तर 'हाच' असं देता येईल.

आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली १९५० साली. तेव्हा ट्रेडचं नाव लांबलचक होतं, वेल्डर गॅस अँड इलेक्ट्रिक. जुन्या माणसांच्या सर्टिफिकेटवर अजून तेच दिसतं. या योजनेचं कौतुक करताना लोक रोजगाराचे आकडे सांगतात, मला दुसरंच वाटतं. लोहाराच्या भात्यापाशी बसायला त्या घरात जन्मावं लागायचं. आयटीआयच्या वेल्डिंग केबिनमध्ये बसायला गुणपत्रिका लागते, आणि तीही नापासाची चालते. माझ्याकडे धनगराची पोरं होती, देशमुखांची होती, मुलाण्याची होती, गुरवाची होती. पहिले काही दिवस सगळ्यांचा रॉड सारखाच चिकटायचा.

रॉड चिकटणं हे वेल्डिंगचं मुळाक्षर. होल्डरमध्ये रॉड धरायचा, आगकाडी ओढतो तसा प्लेटवर ओढायचा आणि ठिणगी पडल्यापडल्या दोन-तीन मिलिमीटर वर उचलायचा. ऐकायला सोपं. पोरगं ठिणगीला दचकतं, हात खाली दाबतं आणि रॉड प्लेटला घट्ट. मग ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो, रॉड लालबुंद होत होत वाकतो, त्याच्यावरचं लेपाचं कवच तडतडून गळून पडतं, आणि पोरगं होल्डर सोडून दोन पावलं मागे. 'सर, चिकटतंय!' 'मनगट पीळ, सुटतंय!' दिवसभर शेडमध्ये ही एकच जुगलबंदी. आमचे ट्रान्सफॉर्मर जुने होते, त्यावर अडवाणी-ओरलिकॉनची पत्र्याची पाटी. ही कंपनी १९५१ची, आताची अॅडोर. चिंचवडला त्यांचा कारखाना. पाटीवरची अक्षरं पुसट झाली होती पण मशीन हूं की चूं न करता चालायचं. पावसाळ्यात मात्र मला जास्त धास्ती चिकटण्याची नसायची, ओल्या हाताची असायची. आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेट यांच्यामधली विजेची सलग ठिणगी, चालू असताना व्होल्टेज वीस-तीसच असतं, पण नुसता होल्डर हातात आणि आर्क बंद, तेव्हा सत्तर-ऐंशी असतं. घामाने भिजलेला हातमोजा आणि पायाखाली ओल. मी पोरांना आधी रबरी सोलचे बूट आणायला लावायचो, वही नंतर.

आठवडाभराने कधीतरी एखाद्याच्या कोपऱ्यातून वेगळा आवाज यायचा. हे मला फार आवडायचं. रॉड लांब धरला की आवाज फसफस, तुटका, आणि ठिणग्यांचे शिंतोडे भोवती सांडलेले. फार जवळ धरला की घुसमटल्यासारखा. आणि बरोबर अंतरावर, बरोबर करंटवर एकसारखा चर्रर्र, मध्ये खंड नाही. मी पाठमोरा बसून हजेरीपट भरत असलो तरी कळायचं की तिसऱ्या केबिनमधल्याला जमलं. बघायला जायचो नाही. त्यालाही ते कळलेलं असायचं, कारण तो लगेच दुसरा रॉड लावायचा, विचारल्याशिवाय. काळ्या काचेआड बाहेरचं काहीच दिसत नाही. जग म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा वितळलेल्या लोखंडाचा एक डोळा, त्याच्यामागे सरकत येणारा लालसर स्लॅग, म्हणजे वितळलेल्या कवचाचा मळ, आणि आपलाच श्वास. ज्या पोराला शाळेत पाच मिनिटं एका जागी बसता यायचं नाही, तो या काचेआड पाऊण-पाऊण तास हलायचा नाही. त्याची शाळेतली बाई हे बघायला यायला हवी होती असं मला नेहमी वाटायचं.

आणि आकडे! रॉडच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ६०१३. पहिले दोन आकडे ताकद सांगतात, चौरस इंचाला साठ हजार पौंड. पुढचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही पोझिशनमध्ये चालतो. शेवटचा आकडा कवचाची जात आणि कुठला करंट ते सांगतो. मग ७०१८ आला की ताकद सत्तर हजार, कवच लो-हायड्रोजन, तो दमट झाला की संपलं, ओव्हनमध्ये भाजूनच वापरायचा. नाहीतर वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो आणि जोड वरून टकाटक, आतून तडकलेला. ३.१५ मिलिमीटरचा रॉड असेल तर नव्वद ते एकशेवीस अँपिअर. गणितात अठरा मार्क पडलेली पोरं हे सगळं घडाघडा म्हणायची आणि वर माझ्याशी वाद घालायची, 'सर, आज लाइट कमी येतीया, एकशेतीसला ठेवतो.' आणि त्यांचंच बरोबर निघायचं.

याची किंमतही असते, ती लपवण्यात अर्थ नाही.

आर्क लागतो. म्हणजे काच नसताना शेजारच्या केबिनचा उजेड डोळ्यांत जातो. त्या क्षणी काहीच होत नाही. पोरगं हसत घरी जातं, जेवतं, झोपतं, आणि रात्री एक-दोनला उठून बसतं. पापणीखाली वाळू ओतलेली, पाणी थांबत नाही, दिवा सोसवत नाही. आई बटाट्याच्या चकत्या ठेवते, आजी गुलाबपाणी आणा म्हणते, बाप म्हणतो उद्यापासून जायचं नाही. एक-दोन दिवसांत उतरतं. थंड पट्ट्या आणि डॉक्टरांचे थेंब, बाकी काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी असा एक तरी बाप शेडच्या दारात उभा असायचा. गॅल्वनाइज्ड पाइप जोडला की जस्त जळून पांढरा धूर निघतो, त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. कारखान्यातली जुनी माणसं त्यावर गूळ आणि दूध सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही, मी दार-खिडक्या उघडायला, जोडाजवळचं जस्त आधी घासून काढायला आणि धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला बसायला सांगतो. पण गूळ खाणाऱ्याला कधी अडवलं नाही. आणि गळ्यावरचा तो काळा डाग. त्याला उपाय एकच, वरचं बटण लावणं. उकाड्यात ते कोणी लावत नाही.

एक मुलगीही होती. आमच्या ट्रेडची पहिली. तिची आई म्हणाली, 'सर, तोंड काळं पडंल हो पोरीचं.' मी म्हटलं, हेल्मेट असतं, तोंड सगळ्यात शेवटी काळं पडतं. आईला ते पटलं नाही, पण पोरीला फिटरला नंबर लागला नव्हता आणि तिला घरी बसायचं नव्हतं, एवढं पुरेसं होतं. तिचा हात पोरांपेक्षा हलका. तिची उभी वेल्डिंग, म्हणजे खालून वर चढत जायची, ती मी आजही डोळे मिटून आठवू शकतो. लाटा एकसारख्या, कडेला अंडरकट, म्हणजे खाच, नाही, आणि सुरुवात कुठे, शेवट कुठे ते शोधावं लागायचं. पोरं आधी खिदळली, मग तिच्याकडून करंट सेट करून घ्यायला लागली. पुढे ती अॅप्रेंटिस म्हणून एका मोठ्या कारखान्यात लागली, मग लग्न झालं. सध्या काय करते मला माहीत नाही. कुणी विचारलं की मी 'कंपनीत आहे' असं सांगतो, कारण ते शेवटचं कानावर आलेलं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो, बेंड टेस्टकडे. दहा मिलिमीटरच्या दोन प्लेटा घ्यायच्या, कडा तिरक्या घासून मध्ये व्ही करायचा, खाली दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायची आणि भरायचं. पहिला रूट रन, म्हणजे तळाचा थर, सगळ्यात अवघड, तळाला धातू आरपार गेला पाहिजे पण गळून पडता कामा नये. मग स्लॅग ठोकून, ब्रशने घासून, पुढचे रन. वरचा शेवटचा कॅप, तो देखणा असतो आणि सगळे त्याच्याकडेच बघतात. सगळं थंड झालं की त्यातून पट्ट्या कापायच्या. वरचा फुगवटा आणि खालची गाठ ग्राइंडरने घासून सपाट करायची, म्हणजे देखणेपण सगळं गेलं. आणि ती पट्टी साच्यात घालून जॅकने दाबायची, यू होईपर्यंत, पार एकशेऐंशी अंशात. एक पट्टी वरचा भाग बाहेर ठेवून, दुसरी रूट बाहेर ठेवून. तीन मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. आत स्लॅगचा कण राहिला असेल तर तो तिथेच तोंड उघडतो. रूट नीट बसला नसेल तर पट्टी सरळ दोन तुकड्यांत.

शेडमध्ये त्या वेळी जे वातावरण असायचं ते मी दुसऱ्या कुठल्याच परीक्षेत पाहिलं नाही. जॅकचा दांडा खालीवर होतो, पट्टी वाकत जाते, पोरं गुडघ्यावर ओणवी होऊन बघत असतात. ज्याची पट्टी असते तो बघत नाही. इथे हस्ताक्षर चालत नाही, पाठांतर चालत नाही, सरांशी गोड बोलणं चालत नाही. मीसुद्धा इच्छा असून कुणाला एक मार्क वाढवून देऊ शकत नव्हतो, कारण पट्टी सगळ्यांसमोर वाकायची. दहावीत तीन विषयांत गेलेला पोरगा न तडकलेली पट्टी हातात घेतो आणि बोटाने त्या वळणावरून फिरवून बघतो, परत फिरवून बघतो. ती पट्टी तो घरी नेतो. नियमाने ती स्क्रॅपमध्ये जमा करायची असते. मी कधी मागितली नाही.

बायोडाटावाल्या पोराने अशीच पट्टी घरी नेली होती. पुढे तो सिक्स-जी झाला. बाहेरच्यांसाठी सांगतो, पाइप पंचेचाळीस अंशात तिरका बांधतात, हलवायचा नाही, आणि माणसाने त्याच्याभोवती फिरून, वाकून, खाली लोळून पूर्ण जोड मारायचा. सगळ्या पोझिशन एकाच जोडात येतात. मग एक्स-रे किंवा बेंड. रिफायनरी, बॉयलर, जहाज, आखातातली कामं, सगळीकडे आधी हीच टेस्ट विचारतात. मुंबईत टेस्ट देऊन विमानात बसलेली माझी पोरं आहेत. माझगाव डॉकला आहेत, वास्कोच्या गोवा शिपयार्डला एक आहे. आणि यातल्या कितीजणांच्या सोयरिकीत वेल्डर हा शब्द उच्चारला गेला असेल, याचा मी परवापासून विचार करतोय. 'पोरगा काय करतो?' 'शिपयार्डला आहे.' 'पोरगा काय करतो?' 'सौदीला असतो.' गावाचं नाव सांगून कामाचं नाव टाळायची ही आपली जुनी खोड. शेतकऱ्याच्या पोराचंही तेच झालंय, त्यामुळे वेल्डरने वेगळं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आणि मी तरी? माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, हिंजवडीत. त्याने माझा ट्रेड घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही. त्याच्या आईला वाटलं नाही, त्यालाही नाही. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांना 'यात भविष्य आहे' असं सांगत आलो, आणि ते खरंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदल्या. त्यामुळे मामाच्या त्या ओळीवर मला काही बोलण्याचा हक्क आहे का, ते तुम्हीच ठरवा.

हंगामात एकदा एका विद्यार्थ्याला भेटायला साखर कारखान्यावर गेलो होतो. रात्रपाळी. मिल हाउसमध्ये रसाचा गोड-आंबूस वास, पायाखाली चिकचिक, कानठळ्या. गिरणीचे रोलर ओतीव लोखंडाचे, दात ऊस खाऊन खाऊन गुळगुळीत होतात, मग ऊस घसरतो, पकड घेत नाही. त्यासाठी गाळप न थांबवता, रोलर सावकाश फिरत असतानाच वेल्डर त्या दातांवर कठीण धातूचे ठिपके टाकत जातो. आर्किंग म्हणतात त्याला. वरून रस ओघळतोय, रोलर फिरतोय, आणि हा फळीवर बसून, एक पाय दांड्याला अडकवून, रॉडमागून रॉड लावतोय. रस आर्कवर पडला की फस्सकन वाफ. मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत बघत होतो. शिकवलेलं त्यात फार थोडं होतं. ओल्या, फिरत्या, ओतीव लोखंडावर आर्क टिकवायला मी कुठे शिकवलं होतं? आयटीआयने दिलं ते मनगट आणि कान, बाकीचं त्याने तिथे फळीवर बसून कमावलं. खाली उतरल्यावर त्याने चहा मागवला आणि म्हणाला, 'सर, हितं कुणी तपासत नाय बघा. पण उद्या सकाळी रोलरवर ऊस घसरला की सगळ्यांना कळतं रात्री कोण होतं.'

चाकणला रोबो वेल्डिंग करतात, मग माणसाचं काय, असं विचारणारे भेटतात. गाडीच्या बॉडीचे हजारो एकसारखे स्पॉट रोबोच करणार, आणि करावेत. गावातली मोडलेली ट्रॉली, डोंगरावरची पाण्याची लाइन, शटडाऊनमधला बॉयलरचा पाइप, यातलं काहीही दुसऱ्यासारखं नसतं. तिथे रोबो न्यायचा तर आधी त्याला उभं राहायला जागा वेल्डरलाच करून द्यावी लागेल.

जुलै आला की अजून काही आईबाप घरी येतात. पोराला वेल्डरला घालू का? मी हो-नाही सांगत नाही. सांगतो की ज्या आयटीआयत घालणार तिथे एकदा दुपारी, आधी न कळवता जाऊन या. प्राचार्यांची केबिन सोडून सरळ शेडमध्ये शिरा. आवाज येतोय का बघा. वेल्डिंग रॉड जाळूनच येतं, फळ्यावर येत नाही. जिथे रॉडचा तुटवडा आहे तिथे वर्षभर पोरं फक्त झाडलोट आणि आकृत्या करतात. बेंड टेस्टचा साचा कुठे आहे विचारा, त्यावर धूळ किती तेही बघा. ७०१८ चा ओव्हन कोमट लागतोय का, हात लावून बघा. आणि कोपऱ्यातल्या डब्यात टाकलेली थोटकं उचला. वीतभर लांब असतील तर तिथे कुणी लक्ष देत नाही. होल्डरच्या तोंडापर्यंत जाळलेली असतील तर रॉड मोजून मिळतायत. बोटभर असतील, दोन इंचाच्या आसपास, तर शिकवणारा माणूस जागा आहे. तिथे फॉर्म भरा.